मुनिन परत येईल का?

नॉर्वेच्या दक्षिणेला सेतेस्दाल नावाचं खोरं आहे. तिथल्या हिलेस्तादचं लाकडी चर्च सतराव्या शतकात पाडलं गेलं. दाराची कोरीव चौकट मात्र कुणीतरी जपली. इ.स. १२०० च्या सुमाराची ती चौकट आज ओस्लोच्या इतिहास संग्रहालयात आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. चर्चचं दार म्हणावं तर त्यावर येशू नाही, मेरी नाही. आहे तो सिगुर्द, ड्रॅगन मारणारा वीर. त्याने ड्रॅगनचं काळीज सळईला टोचून विस्तवावर धरलं आहे. शिजलं का ते बघताना अंगठा भाजला, म्हणून त्याने तो तोंडात घातला आहे. ड्रॅगनचं रक्त जिभेला लागलं आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागली. झाडावर बसलेले पक्षी आपसांत बोलतायत, की शेजारी निजलेला रेगिन, ज्याने सिगुर्दला वाढवलं, तोच त्याचा घात करणार आहे, आणि सिगुर्दला ते समजतंय.

त्याच चौकटीत त्याच कथेतला गुन्नार आहे. शत्रूने त्याला हात बांधून सापांच्या खड्ड्यात टाकलं आहे, आणि तो पायाच्या बोटांनी तंतुवाद्य वाजवतो आहे. साप एकेक करून झोपी जातात. एक जागा राहतो, आणि तोच त्याला डसतो. कोरणाऱ्याने पायाचा अंगठा आणि तारा इतक्या जवळून कोरल्या आहेत की लाकूड विसरून आपण कान टवकारतो.

ऐकू काहीच येत नाही. पक्षी काय बोलले ते शब्द काव्यातून आपल्याकडे पोचले. गुन्नारने काय वाजवलं त्याचा एक सूरही पोचला नाही. उत्तरेकडच्या जुन्या संगीताची सगळी कथा या एका चौकटीत आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. आज नॉर्स परंपरेतून प्रेरणा घेऊन जे लोकसंगीत होतंय, त्यात पुन्हापुन्हा पक्षी का येतात, याचं उत्तरही मला तिथेच सापडलं.

व्हायकिंग काळातली एकही चाल आपल्या हाती नाही. स्कँडिनेव्हियातलं स्वरलिपीसह लिहिलेलं सर्वांत जुनं लौकिक गाणं सापडतं ते साधारण १३०० सालच्या एका हस्तलिखितात, आणि तोवर व्हायकिंग युग संपून अडीचशे वर्षं होत आली होती. त्या पोथीत स्कोने प्रांताचे कायदे रुन लिपीत लिहिले आहेत. शेवटच्या पानावर कुणीतरी एका गाण्याच्या दोन ओळी आणि वर स्वर लिहून ठेवले. बस, एवढंच. डेन्मार्कच्या रेडिओने १९३१ पासून तीच धून आपली खूण म्हणून वाजवली.

वाद्यांचे अवशेष मात्र बरे मिळाले. इंग्लंडमधल्या यॉर्क इथे कॉपरगेट भागात झालेल्या उत्खननात लाकडाच्या एकाच तुकड्यात भोकं पाडून केलेला दहाव्या शतकातला पावा निघाला; त्यातून अजून सूर निघतात. तिथेच हंस आणि बदक जातीच्या पक्ष्यांच्या पंखाच्या हाडापासून केलेल्या शिट्ट्याही मिळाल्या. पक्ष्याचं हाड पोकळ असतं, हलकं आणि भक्कम असतं. भोक पाडलं की बासरी तयार. ही कल्पना माणसाला फार आधी सुचली. जर्मनीतल्या होहले फेल्स गुहेत २००८ साली मिळालेली गिधाडाच्या हाडाची बासरी पस्तीस हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिला बोटांसाठी पाच भोकं आहेत. म्हणजे पक्षी गाण्याचा विषय होण्याच्या कितीतरी आधी तो वाद्य झाला होता. त्याच्या हाडात माणसाने आपला श्वास फुंकला.

नॉर्स कथांत तर कविताच पक्ष्याच्या पोटातून आली आहे. काव्याचा मध राक्षसांच्या ताब्यात होता. देवांचा राजा ओदिन याने तो तीन घोटांत पिऊन टाकला, गरुडाचं रूप घेतलं आणि देवांच्या नगरीकडे झेप घेतली. मागून राक्षसही गरुड होऊनच आला. ओदिनने देवांनी मांडलेल्या भांड्यांत तो मध ओकला, आणि तोच कवींच्या वाट्याला आला. ही कथा आइसलंडच्या स्नोरी स्तुर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहून ठेवली. कवींना जुन्या कथा ठाऊक राहाव्यात, नाहीतर जुनी कविता कळणारच नाही, ही त्याची कळकळ होती. विसर पडत चालल्याची जाणीव तेव्हाही होती.

आता ओदिनच्या खांद्यावरचे दोन पक्षी. आधी शब्दाची अडचण सांगते. इंग्रजीत ज्याला रेव्हन म्हणतात तो महाराष्ट्रात आढळत नाही. भारतात तो राजस्थान, पंजाबच्या कोरड्या भागात आणि हिमालयात उंचावर दिसतो. आपण ज्याला डोमकावळा म्हणतो तो निराळा आणि लहान. रेव्हन पंख पसरतो तेव्हा सव्वा मीटरच्या आसपास भरतो, शेपूट पाचरीसारखी, चोच जाड, आणि आवाज खोल घशातून आलेला. म्हणून इथे मी रेव्हनच म्हणते.

ओदिनच्या रेव्हनांची नावं हुगिन आणि मुनिन. हुगिन म्हणजे विचार, मुनिन म्हणजे आठवण. मुनिनच्या नावात मनातली ओढही ऐकू येते. पहाटे ओदिन त्यांना सोडतो, ते सगळं जग फिरून न्याहारीच्या वेळेला परततात आणि पाहिलं-ऐकलं ते त्याच्या कानात सांगतात. हे चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. टी-शर्टांवर असतं, दंडावरच्या गोंदणात असतं. पण जुन्या एड्डा काव्यातल्या 'ग्रिम्निस्माल'मध्ये ओदिन स्वतः या पक्ष्यांबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात तोरा नाही, काळजी आहे. हुगिन परतणार नाही अशी धास्ती त्याला रोज वाटते, आणि त्याहून जास्त धास्ती मुनिनची.

देवांचा राजा, एक डोळा देऊन ज्ञान मिळवलेला, नऊ रात्री झाडाला लटकून रुन मिळवलेला, आणि तो रोज सकाळी एका पक्ष्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. विचार हरवला तर पुन्हा करता येईल, आठवण गेली तर कुठून आणायची? मला या संगीताचं मर्म इथे दिसतं. ज्यांच्या चाली हरवल्या, तेच लोक मुनिनबद्दल गातायत.

डेन्मार्कमधल्या लायर इथे २००९ साली एका हौशी शोधकाला धातुशोधक यंत्राने एक चांदीची मूर्ती मिळाली. साधारण ९०० सालची. उंची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर, वजन नऊ ग्रॅम. तळहातावर ठेवली तर सोनाराच्या दुकानातला एखादा मणी वाटावा. सिंहासनावर कुणीतरी बसलं आहे आणि सिंहासनाच्या हातांवर दोन पक्षी, दोघांची तोंडं बसलेल्याकडे. पोशाख बाईसारखा आहे, म्हणून ही फ्रेया देवी असेल असं काही अभ्यासक म्हणतात. संग्रहालयाने ओदिन म्हटलं आहे. मला त्या वादापेक्षा पक्ष्यांची मान महत्त्वाची वाटते. ते जगाकडे बघत नाहीत. ते परत आले आहेत आणि सांगतायत.

या सगळ्याला आजच्या काळात सर्वांत मोठा आवाज दिला तो नॉर्वेच्या वार्ड्रुना या वाद्यवृंदाने. आयनार सेल्विक यांनी तो २००३ साली सुरू केला. त्याआधी ते ब्लॅक मेटल या अतिकर्कश संगीतप्रकारातल्या गोर्गोरोथ या बँडमध्ये ड्रम वाजवत आणि तिथे त्यांनी घेतलेलं नाव होतं क्वित्राफ्न, म्हणजे पांढरा रेव्हन. वार्ड्रुनाचे पहिले तीन अल्बम २००९, २०१३ आणि २०१६ साली आले, आणि जुन्या रुन लिपीच्या चोवीस अक्षरांवर ते बेतलेले आहेत. बर्च झाडाच्या अक्षराचं गाणं करताना बर्चच्याच फांद्या आणि खोडं वाजवायची, पाण्याच्या अक्षराचं गाणं नदीत उभं राहून म्हणायचं, असा त्यांचा खाक्या. जुनी चाल मिळत नाही, तर निदान जुनी वस्तू, जुनी जागा आणि जुनं वाद्य घेऊन बसायचं. क्राविक शेतघरात सापडलेल्या लायर या तंतुवाद्याच्या नमुन्यावरून केलेलं वाद्य, बोकडाच्या शिंगाचं तुतारीसारखं वाद्य, आणि तागेलहार्पा.

या तागेलहार्पाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. लाकडी खोक्यावर घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या तारा, आणि गजही त्याच केसांचा. सारंगीत जशी नखाच्या मुळाने तार दाबतात, तसंच इथे बोटांच्या मागच्या बाजूने तारेला टेकतात. खाली पट्टी नसतेच. केसावर केस घासला की सूर स्वच्छ लागत नाही, त्यात खरखर असते, घसा असतो. एक तार सतत खर्जात घुमत राहते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे वाद्य माणसासारखं गात नाही, पक्ष्यासारखं बोलतं. रेव्हनचा आवाज असाच आहे, कोकिळेसारखा गोड नाही, भरीव आहे.

'क्वित्राव्न' हा वार्ड्रुनाचा अल्बम जानेवारी २०२१ मध्ये आला. खरंतर तो २०२० च्या जूनमध्ये यायचा होता, साथीमुळे लांबला. नाव तेच, पांढरा रेव्हन. सेल्विक यांनी सांगितलं आहे की पांढरा प्राणी अनेक संस्कृतींत दूत मानला जातो, ज्ञान आणि बदल घेऊन येणारा. ओदिनचे पक्षी काळे, आणि हा पांढरा; विचार आणि आठवण या दोघांच्या मधला तो तिसरा कुणीतरी. याच अल्बममध्ये एका गाण्याचं नाव 'मुनिन' आहे. हुगिनच्या नावाचं गाणं नाही. निवड कुणाच्या बाजूने आहे हे त्यावरून कळतं.

अल्बमच्या शेवटच्या गाण्यात परंपरागत गायकांचा एक गट साथीला आहे आणि तो आणला आहे कर्स्टेन ब्रोतेन बेर्ग यांनी. त्या चांदीकाम करतात आणि सेतेस्दालच्या गाण्यातल्या मोठ्या गायिका आहेत. सेतेस्दाल, म्हणजे त्याच कोरीव चौकटीचं खोरं! तिथे 'स्तेव' नावाचं चार ओळींचं गाणं अजून जिवंत आहे, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. युनेस्कोने २०१९ साली त्या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. नवा वाद्यवृंद आणि जुनं खोरं त्या गाण्यात एका सुरात आले आहेत. ते मी ऐकते तेव्हा गुन्नारच्या तारा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेव्हन म्हणजे रणांगण, मुडदे आणि विजय, असं चित्र पुष्कळांच्या मनात पक्कं आहे, आणि ते खोटं नाही. जुने दरबारी कवी योद्ध्याला रेव्हनला जेवू घालणारा म्हणत. ९०० च्या सुमाराला थोर्ब्योर्न होर्न्क्लोफीने राजा हाराल्दच्या स्तुतीचं काव्य रचलं, त्यात युद्धकन्या रेव्हनशी बोलते आणि विचारते, चोचीला रक्त कुठून लागलं? इंग्लंडच्या बखरीत ८७८ साली डेव्हनमध्ये रेव्हन नावाचं निशाण हस्तगत केल्याची नोंद आहे. ऑर्कनीच्या सिगुर्द जार्लची कथा तर अंगावर काटा आणते. आईने मंत्र घालून विणलेलं रेव्हनचं निशाण ज्याच्यापुढे चालेल त्याचा जय, पण जो ते धरेल त्याचा मृत्यू. १०१४ मध्ये क्लोनटार्फच्या लढाईत ते धरायला कुणी पुढे येईना. अखेर त्याने स्वतः उचललं, आणि पडला.

१९४० ते ४५ या काळात नॉर्वेवर जर्मन ताबा असताना जर्मनांना साथ देणाऱ्या क्विस्लिंगच्या पक्षाने रुन आणि व्हायकिंग प्रतिमा वापरल्या. आजही वंशद्वेषी गट हीच चिन्हं निशाणांवर मिरवतात. ज्यांना ही गाणी प्रिय आहेत त्यांना याचा त्रास होतो, आणि व्हायला हवा. सेल्विक यांनी या वापराविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे; हा वारसा त्या लोकांच्या मालकीचा नाही, असं ते सांगत आले आहेत. मला वाटतं, या चोरीला सर्वांत चांगलं उत्तर गाण्यातच आहे. मुनिनबद्दल गाणारा माणूस युद्धाचा झेंडा नाचवत नाही. तो वाट बघतो.

पांढऱ्या रेव्हनपाशी मला पुन्हा यायचं आहे, कारण तो नुसता कल्पनेतला नव्हता. नॉर्वे आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रात फेरो बेटं आहेत. तिथल्या काही रेव्हनांच्या अंगावर पांढऱ्या पिसांचे मोठे पट्टे असत. डोकं, पंख, पोट पांढरं आणि बाकी काळं. फेरोची भाषा त्याला व्हीतराव्नूर म्हणे, पांढरा रेव्हन. जगात दुसरीकडे कुठेही हा रंग असा पिढ्यान्पिढ्या टिकला नव्हता. १७४१ च्या राजाज्ञेने बेटावरच्या पुरुषांवर चोचीचा कर बसवला: दरवर्षी रेव्हनची एक चोच किंवा इतर भक्षक पक्ष्यांच्या दोन चोची आणून द्यायच्या, नाहीतर दंड. कारण हे पक्षी कोकरांना त्रास देतात. मग युरोपातल्या संग्राहकांना या दुर्मिळ रंगाचा मोह पडला. ते चांगला पैसा देत, आणि पांढरा पक्षी दिसला की तोच आधी पडे. खात्रीने शेवटचा पांढरा रेव्हन दिसला तो १९०२ साली. आता जगभरच्या संग्रहालयांच्या कपाटांत मोजकीच कातडी उरली आहेत, पेंढा भरलेली.

आणि एक पोवाडा उरला आहे. फेरोमध्ये त्या प्रकाराला 'क्वाय्दी' म्हणतात. शेकडो कडव्यांची कथागीतं. कुठलंही वाद्य नसतं. माणसं हात धरून साखळी करतात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि एकजण कडवं उचलतो, बाकीचे धरतात. लाकडी जमिनीवर पडणारी पावलं हाच ताल. चर्चमध्ये, कचेरीत डॅनिश भाषा होती. फेरोच्या भाषेला नीट लेखनपद्धती मिळाली ती १८४६ साली, हामर्सहाइम्ब या धर्मगुरूच्या हातून. तोवर ती भाषा या साखळीत जगली. अशाच एका जुन्या 'पक्ष्यांच्या गाण्यात', जे १५०० च्या आधीचं मानलं जातं, बेटावरच्या चाळीस पक्ष्यांची नावं गुंफली आहेत. त्यात पांढरा रेव्हन आहे, आणि उडता न येणारा तो मोठा ऑक पक्षीसुद्धा. दोन्ही आज जगातून गेले. दोघांचीही फेरोमधली सर्वांत जुनी नोंद पक्षितज्ज्ञाची नाही, नाचणाऱ्यांची आहे.

दुसरं 'पक्ष्यांचं गाणं' नोल्सोयार पाउल या खलाशाने १८०६-०७ मध्ये रचलं. त्यात २२९ कडवी आहेत. शिकारी पक्षी म्हणजे डॅनिश अधिकारी आणि त्यांचा व्यापाराचा मक्ता, लहान पक्षी म्हणजे बेटावरचे लोक, आणि त्यांना ओरडून सावध करणारा त्याल्दूर, तांबड्या चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी, म्हणजे स्वतः पाउल. गाणं आजही नाचलं जातं. १८०८-०९ च्या हिवाळ्यात पाउल समुद्रात बेपत्ता झाला. मक्ता मोडला १८५६ साली. आणि त्याल्दूर आज फेरोचा राष्ट्रीय पक्षी आहे. दरवर्षी १२ मार्चला, सेंट ग्रेगरीच्या दिवशी, तो परत आला असं मानून लोक त्याचं स्वागत करतात.

पक्षी परत येणं या गोष्टीवर अवघा गाव नजर लावून बसतो हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून घाटावर हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसांत मीही उभी राहिले आहे. दोन परंपरांचं नातं मला जोडायचं नाही. तसा पुरावाही नाही. एवढंच, की ओदिनची धास्ती वाचताना मला त्या घाटावरची शांतता ऐकू आली.

आइसलंडमध्ये रेव्हनला लाडाने 'क्रुम्मी' म्हणतात. हिवाळ्यात कड्याच्या कपारीत कुडकुडणाऱ्या क्रुम्मीचं गाणं तिथली लहान मुलं गातात. ते योन थोरोद्दसेन या एकोणिसाव्या शतकातल्या कवीचं आहे. प्रत्येक शेतघराची स्वतःची एक रेव्हन-जोडी असते, अशी तिथली जुनी समजूत. याच देशात सिगुर रोस या बँडने 'ह्राप्नागाल्दुर ओदिन्स', म्हणजे ओदिनचा रेव्हनमंत्र, हे काव्य संगीतात बांधलं आणि २००२ साली लंडनच्या बार्बिकनमध्ये सादर केलं. त्याचं ध्वनिमुद्रण बाजारात यायला २०२० चा डिसेंबर उजाडला. काव्य किती जुनं यावर पंडितांत दीडशे वर्षं वाद आहे, कारण हस्तलिखितं सतराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. नावात रेव्हन असला तरी त्यात पक्षी फारसा दिसत नाही. आहे ती देवांना लागलेली चाहूल, काहीतरी संपत आल्याची. संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सन यांनी त्यात स्टेन्दोर आंदर्सेन यांचा आवाज घेतला. ते 'रीमुर' या एकट्याने म्हणायच्या जुन्या पठणाचे गायक, मासेमारीच्या बोटीवर काम केलेले. आणि साथीला पाल गुडमुंडसन यांनी हुसाफेल्लच्या दगडांपासून केलेलं मारिंबा. दगडाच्या चपट्या पट्ट्या, त्यावर हातोडी पडली की पाण्यात थेंब पडल्यासारखा सूर. रेव्हनलाही असा एक आवाज येतो, कर्कश नसलेला, टप्प असा. मला तो भाग प्रत्येक वेळी पुन्हा लावावासा वाटतो.

रीमुरच्या चाली टिकल्या त्याही कुणीतरी धास्ती घेतली म्हणून. रेक्याविकमध्ये १९२९ साली स्थापन झालेल्या 'इदुन' या मंडळाने १९३५-३६ मध्ये दोनशे चाली चांदीचा मुलामा दिलेल्या तबकड्यांवर उतरवून घेतल्या. खेड्यातून शहरात आलेली म्हातारी माणसं, एकेक करून यंत्रासमोर बसलेली.

आइसलंडची वाट एका खलाशाला दाखवली तीही रेव्हननेच, असं तिथला वसाहतीचा ग्रंथ सांगतो. फ्लोकी विल्गेर्दार्सन तीन रेव्हन घेऊन निघाला. निघण्याआधी त्याने त्यांच्यासाठी यज्ञ केला. फेरो मागे टाकल्यावर पहिला सोडला; तो उलट फेरोकडेच गेला. दुसरा वर चढला, घिरट्या घातल्या आणि होडीवर येऊन बसला. तिसरा सरळ पुढे उडाला आणि परत आलाच नाही. फ्लोकीने तो गेला त्या दिशेला गलबताचं तोंड वळवलं. पहिल्या हिवाळ्यात त्याची गुरं मेली. बर्फाने भरलेली समुद्राची एक खाडी दिसली म्हणून त्याने त्या भूमीला बर्फाचा देश म्हटलं, आणि कडवट होऊन नॉर्वेला परतला. पुढे तो पुन्हा आला आणि उत्तरेला एका दरीत राहिला. त्या दरीला अजून फ्लोकादालुर म्हणतात.